कोनं घर शे?

आमचे नाना लेकीच्या घरी मुक्काम करत नाहीत. जुन्या माणसांचा नियम आहे. मुलगी एकदा दिली की बापाने तिच्या घरचं अन्न खायचं नाही, तिच्या छपराखाली रात्र काढायची नाही. आमच्याकडे आता हा नियम फारसा कोणी पाळत नाही. माझ्या दोन्ही मामांनी कधीच सोडून दिला. गल्लीतले एक आबा तर लेकीकडे सुरतेला जातात ते हिवाळा संपल्यावरच परततात, आणि येताना अंगाने भरून येतात. नाना मात्र सोडत नाहीत.

डोळे दाखवायला ते जळगावला येतात. नरडाण्याहून सकाळची गाडी धरतात, फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून आणतात, आणि माझ्या घरी गॅलरीत बसून तीच भाकरी खातात. आत मी वरण-भात रांधलेला असतो. माझी मुलगी झाली तेव्हा त्यांनी पाण्याची सवलत दिली. तिला पहिला दात आला तेव्हा चहाची दिली. त्यानंतर सवलती बंद. मुलगी आता पुण्याला नोकरी करते. संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली की नाना पिशवी उचलतात. मी म्हणते, "राहा ना नाना आजच्या दिवस."

"नही माय. वावर मा काम शे."

मे महिन्यात वावरात कसलं काम? ढेकळं मोजायची? आणि शेती आता भाऊ करतो. पण हे मी मनात म्हणते.

एक सांगून ठेवते. घरी आम्ही सगळे अहिराणीतच बोलतो. इथे माझं आणि बाकीच्यांचं बोलणं मी पुस्तकी करून लिहिलं आहे. शाळेत भूगोल शिकवून शिकवून माझी ती सवयच झाली. नानांचं आणि आईचं बोलणं मात्र मला पुस्तकी करवत नाही.

हे घर माझं आहे. म्हणजे माझ्याच नावावर आहे, माझ्या पगारातून घेतलेलं. यजमानांचा पगार संसाराला आणि माझा घराला, असं आमचं ठरलं होतं. दारावरच्या पाटीवर माझं नाव आहे आणि नावापुढे पदव्या आहेत. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजात गेलेली मी पहिली. मुलींमध्ये पहिली नव्हे, सगळ्यांमध्ये पहिली. हे मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं बाई मिरवते. मिरवतेच.

घर घेतलं तेव्हा पूर्वेकडच्या खोलीत मी मुद्दाम बुटका पलंग करून घेतला, आईच्या गुडघ्यांना झेपेल असा. आई त्यावर एकदा बसली, गादी दाबून पाहिली, "मऊ शे वं" म्हणाली आणि संध्याकाळच्या गाडीने नानांच्या मागोमाग गेली. तीही माझ्या घरी एकही रात्र न राहता गेली, कायमची. पलंग राहिला. नानांना मी एकदा म्हटलंसुद्धा, हे घर जावयाचं नाही, माझं आहे, कागद दाखवू का? ते म्हणाले, "तेच तं. जावईनं ऱ्हातं तं काही इचार करता. लेकनं शे."

या वाक्यापुढे माझ्या पदव्या चालत नाहीत.

आता दुसरी गोष्ट. आमच्या वावराच्या कडेने एक भिंत जाते. बांधलेली नव्हे, जमिनीतून वर आलेली. काळ्या दगडाची, कुठे माणसाच्या उंचीची तर कुठे घराएवढी. शिंदखेड्याच्या बाजूने येते, आमचं वावर ओलांडते आणि पुढे गावंच्या गावं मागे टाकत पिंपळनेरच्या दिशेने निघून जाते. गावात सांगतात की राक्षसाने एका रात्रीत बांधायला घेतली आणि कोंबडा आरवला तसा टाकून पळाला. आम्ही पोरं त्या भिंतीच्या सावलीत बसून भाकरी खायचो.

धुळ्याला कॉलेजात गेले आणि पहिल्याच वर्षी आमची सहल निघाली. गाडी ओळखीच्या रस्त्याने वळली. आमचे सर थेट आमच्या बांधावर येऊन उभे राहिले. म्हणाले, हा सगळा मुलूख ज्वालामुखीचा आहे, जमीन फाटली, भेगांमधून तप्त रस वर आला आणि भेगेतच थिजला, आजूबाजूचं झिजून गेलं आणि ही भिंत उरली. सगळे वहीत लिहीत होते. मी लिहिलं नाही. मी त्या भिंतीकडे बघत होते. जिच्यावर आम्ही गोवऱ्या थापल्या होत्या ती आग होती.

नाना तिकडे कपाशीत वखर हाकत होते. ते जवळ आले, रुमालाने तोंड पुसलं, सरांना नमस्कार केला. सर म्हणाले, मुलगी हुशार आहे. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी नानांना सांगितलं, ही भिंत राक्षसाची नाही, ही आग होती. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"तुन्हा सरनी देखी का आग?"

"नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वीची आहे."

"मंग तू देखी?"

"नाही नाना."

"कोठेच देखी नही?"

"जगात अजून आहे काही ठिकाणी. चालू आहे. फोटो पाहिलेत."

नाना हसले. चेष्टेने नाही. म्हणाले, "मंग एक दिन देखी ये. आणि माले सांग."

मी वर्गात अनेक वर्षं ज्वालामुखी शिकवला. फळ्यावर शंकू काढायचा, मध्ये नळी, वर धूर, लाल खडूने रस. पोरांनी विचारलं, मॅडम तुम्ही पाहिलाय का, की मी म्हणायची, पुस्तक उघडा. तेव्हा दर वेळी मला बांधावरचे नाना दिसायचे.

आई गेल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी ठरवलं. जावा बेटावर ब्रोमो नावाचा ज्वालामुखी आहे, त्याच्याभोवती मोठं उद्यान आहे, माणसं थेट तोंडापर्यंत चढून जातात. इटली, आइसलँड माझ्या आवाक्यातले नव्हते. हे होतं. नानांना फोन केला.

"नाना, आग बघायला चलता का?"

ते म्हणाले, "खरंच देखाडशी?"

"धूर तर नक्कीच. आग नशिबात असेल तर."

"मंग चाल. मराना पहिले देखी लेऊत."

तिकिटाचा प्रश्न त्यांनी स्वतःच सोडवला. प्रवास म्हणजे मुक्काम नव्हे, बाप लेकीसोबत एसटीत बसतोच की. विमानातल्या जेवणाचंही सुटलं. ते विमानवाल्यांचं. अडलं ते रात्रीपाशी.

राहायच्या तीन तऱ्हा होत्या. डोंगराखाली सपाटीवर शहर आहे, तिथे स्वस्त हॉटेलं. पण तिथून ज्वालामुखी दिसत नाही, मध्यरात्री उठून जीपने वर जावं लागतं. वर, अगदी कड्याच्या काठावर, मोठं हॉटेल आहे. त्याच्या खोलीला अख्ख्या भिंतीएवढी काच, काचेपलीकडे ब्रोमो. फोटोत पलंगावर पांढरी चादर होती आणि चादरीपलीकडे धूर. आणि तिसरी तऱ्हा म्हणजे काठावरच्या गावातली शेतकऱ्यांची घरं. लोक आपल्याच घरातली एखादी खोली पाहुण्यांना देतात. एकाने लिहिलं होतं, पांघरुणाला धुराचा वास येतो, मोरी अंगणात आहे, माणसं प्रेमळ आहेत.

मला ती काच हवी होती. लपवून काय करायचं? रोज स्वयंपाक आवरला की मी तोच फोटो उघडून बसायची. सकाळी डोळे उघडावेत, शेजारच्या पलंगावर नाना असावेत, आणि मी पांघरुणातूनच हात करून म्हणावं, ते बघा. इतकंच. यजमान म्हणायचे, "अगं, बुक कर नाहीतर तो फोटो झिजेल."

मी नरडाण्यापर्यंत गाडीने आणि तिथून रिक्षाने गावी गेले. फोन नानांच्या हातात दिला. ते ओट्यावर बसले होते. वहिनी दारात मिरच्या निवडत होती. नानांनी फोटो लांब धरून पाहिला.

"कोनं घर शे हाई?"

"घर नाही, हॉटेल आहे."

"पैसा कोन दी?"

"मी."

"तू दिशी तं मंग ते तुनंच घर झायं. रातभरनं का व्हयेना."

वहिनी मिरच्या निवडता निवडता हसली. "घ्या ताई. आता जाव्यातही तुमचंच घर."

भाऊ म्हणाला, "मी भरतो पैसे. मुलाचं चालतं ना नाना?" नानांनी मान हलवली, चालतं. पण मला चाललं नाही. का म्हणून? नोकरी मी करते, आग मी शिकले, हौस माझी, आणि झोपायचं भावाच्या नावावर? मी म्हटलं, नाही. भाऊ म्हणाला, "तू पण त्यांच्यासारखीच हेकट आहेस." खरंच होतं ते. त्यावर नाना खूश झाल्यासारखे दिसले.

मग मी खालच्या शहरातलं हॉटेल दाखवलं. "कोनं घर शे?" तोच प्रश्न, तेच उत्तर. शेवटी मी तिसरा फोटो काढला. उताराला टेकलेलं निळ्या दाराचं घर, मागे कोबीचे वाफे, दारात डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई.

"कोनं घर शे?"

"या बाईचं. बटाटे लावते. कोबी लावते."

नानांनी फोन जवळ घेतला. वाफे बघितले. उतार बघितला. "इतला चढवर आलू? पानी कसं थांबस?"

"माहीत नाही."

"तिनं घर शे नं? ती तठेच ऱ्हास नं?"

"तिथेच राहते."

"मंग ठीक शे. पाव्हना म्हनीसन जाऊत."

त्या घराचेही पैसे द्यायचे असतात, हे मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही. काचेचा फोटो मी फोनमधून काढून टाकला. थोडं दुखलं.

पाहुणे म्हणून जायचं तर रिकाम्या हाताने जाता येत नाही. निघायच्या दिवशी नानांची पिशवी उघडली तर त्यात बिबड्यांचा डबा होता. बिबड्या म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, वहिनीने मुद्दाम वाळवलेले. कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ होतं, लसणाची चटणी होती, घरधन्यासाठी टॉवेल-टोपी होती आणि घरधनिणीसाठी खणाचा कपडा. मी म्हटलं, "नाना, त्या लोकांना हे कळणार नाही." ते म्हणाले, "पाव्हना कोन शे ते तं कळी!"

दोन विमानं, मग घाट चढणारी गाडी. गाव लागलं तेव्हा दुपार होती आणि थंडी अशी की आमच्याकडे पौषातही पडत नाही. घरी भाऊ कुलरमध्ये पाणी भरत असेल आणि इथे नानांचे दात वाजत होते. निळं दार उघडलं. फोटोतली बाई पुढे आली, तिने दोन्ही हात जोडले. नानांनीही जोडले. मग त्यांनी उभ्या-उभ्याच पिशवी उघडली आणि एकेक वस्तू तिच्या हातात देऊ लागले. ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी फोनमध्ये बोलले, फोन तिच्या भाषेत बोलला. ती ऐकून थबकली. तिने नवऱ्याला हाक मारली. तो चिखलाच्या बुटांनी वाफ्यातून आला. नानांनी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि खांद्यावर टॉवेल टाकला. तो माणूस टोपी न काढता संध्याकाळपर्यंत तसाच हिंडत होता.

आम्हाला तिने बैठकीत बसवलं नाही. सरळ स्वयंपाकघरात नेलं. तिकडची रीतच तशी, पाहुणा आला की चुलीपाशी. मातीची लांबट चूल, तिच्याभोवती बुटकी बाकं. तिने लाकूड पुढे सारलं, आग वर आली. नानांनी हात शेकले. तिने नानांच्या खांद्यावर एक जाड चौकड्यांची लुंगी टाकली. तिथले पुरुष-बाया सगळे तशी गुंडाळून हिंडतात, शालीसारखी. उकडलेले बटाटे आणि मिरचीचं तिखट पुढे ठेवलं. नाना खाली मान घालून जेवले. एकदा घेतलं. मग तिने वाढलं तसं पुन्हा घेतलं. शेवटी बोटाने ताटली पुसून घेतली.

मी बघत होते. लग्न झाल्यापासून नानांना मी आणलेल्या जागेत, फडक्यातल्या भाकरीऐवजी वाढलेलं अन्न जेवताना मी पहिल्यांदा पाहत होते. माझा घास तोंडातच राहिला होता.

"काय देखी ऱ्हायनी? जेव नं."

"जेवते."

खोली छोटी होती. दोन पलंग, भिंतीवर शाळेचं बक्षीस म्हणून मिळतात तसे चिकटवलेले कागद. मी फोनमधून विचारलं, ही कोणाची खोली? बाई म्हणाली, मुलीची, ती शहरात शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली, वर्षातून एकदा येते. मी नानांना सांगितलं. नाना कागदांकडे बघत राहिले. लुंगी गुंडाळली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. लगेच घोरायला लागले.

मला लवकर झोप आली नाही. बापाचं घोरणं मी लहानपणी ओट्यावर ऐकत झोपायची. माझ्या घरातल्या पूर्वेकडच्या खोलीतून ते ऐकू यावं म्हणून मी केवढी वाट पाहिली होती, आणि ते ऐकू आलं ते समुद्रापलीकडे, परक्या पोरीच्या खोलीत.

पहाटे निघालो. खाली काळ्या वाळूचं मैदान आहे, इतकं मोठं की आमचं गाव शिवारासकट त्यात मावेल. घोडेवाले मागे लागले. नाना म्हणाले, "घोडावर नवरदेव बठस. मी चालसू." वाळू तुडवत गेलो, मग पायऱ्या. ते थांबत, कठडा धरत, पुन्हा चढत. वर पोहोचलो तेव्हा सूर्य आला होता. खाली तोंड उघडलेलं होतं, प्रचंड, राखाडी. त्यातून पांढरा धूर येत होता आणि एक आवाज, अखंड. कापसाच्या जिनिंगची सगळी यंत्रं गावाबाहेरून ऐकू यावीत तसा. गंधकाने घसा धरला. माझे डोळे वाहायला लागले आणि ते नुसते गंधकाने नव्हते.

नाना वाकून बघत होते.

"आग कोठे शे?"

"आत आहे. खाली."

"दिसस नही."

"दिसत नाही नाना. धूर दिसतो."

"म्हंजे आठे भी नही दिसनी." त्यांनी कान लावला. "पन ऐकू येस. शे ती. घोरी ऱ्हायनी."

तिथले लोक त्या तोंडात फुलं, भाजी टाकत होते, नैवेद्य म्हणून. नानांनी खिशातून एक बिबडी काढली, कपाळाला लावली आणि टाकली. वारा उलटा होता. बिबडी भिरभिरत परत आली आणि माझ्या पायाशी पडली. आम्ही दोघं एवढे हसलो की शेजारचा परदेशी माणूसही हसायला लागला. नाना म्हणाले, "तिनं पोट भरेल शे." मग ती बिबडी आम्ही अर्धी-अर्धी खाल्ली. दोघांनी, एकाच बिबडीतली. मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांच्या लक्षात आलं असतं.

निघायच्या वेळी वेगळाच घोळ झाला. गाडी दारात उभी, सामान चढवलेलं, बाई हात जोडून निरोप देत होती. नाना उंबऱ्यात उभे. हलेनात.

"चला नाना."

"ही बाई ऱ्हा म्हने नही."

"काय?"

"पाव्हना निंघना का ऱ्हा म्हनतस. ती म्हने नही. आपलं काही चुकनं का?"

आमच्याकडे पाहुणा असा सुटत नाही. घरधनीण म्हणते, आजच्या दिवस राहा. पाहुणा म्हणतो, नको. ती पिशवी लपवते, पोरं चपला लपवतात. हे झाल्याशिवाय निघणं म्हणजे हाकलून दिल्यासारखं. आता ही रीत फोनला कशी सांगायची? मी सांगितली, जमेल तशी. फोन बोलला. बाईने डोळे मोठे केले, मग खळखळून हसली. गाडीपाशी गेली, नानांची पिशवी उतरवली आणि पाठीमागे धरली. तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. फोनने सांगितलं: आजच्या दिवस राहा.

नानांचा चेहरा फुलला. "नही माय," ते तोऱ्यात म्हणाले, "वावर मा काम शे."

तिने पिशवी दिली. खांद्यावरची लुंगी नाना परत करायला लागले तर तिने घेतली नाही, उलट नीट गुंडाळून दिली. गाडी वळेपर्यंत तो टोपीवाला हात हलवत होता.

वर्षानुवर्षं ऐकलेलं तेच वाक्य. पण ते असं हसून म्हणता येतं, हे मला माहीतच नव्हतं.

मुंबईहून येताना ते माझ्याकडे उतरले नाहीत. जळगावच्या फलाटावर मी उतरले, ते दुसऱ्या गाडीची वाट बघत बाकावर बसले. भाऊ नरडाण्याला घ्यायला येणार होता. मी गाडी येईपर्यंत त्यांच्यासोबत बसले. त्या दिवशी मी "राहा" म्हटलं नाही. मी थकले होते.

पाऊस सुरू झाल्यावर ते डोळ्यांसाठी आले. या वेळी फडक्यातल्या भाकरीबरोबर ती लुंगी होती. भाऊ म्हणतो, ती रोज अंगावर घेऊन झोपतात, उकडलं तरी. दवाखाना झाला, भाकरी खाऊन झाली. डोळ्यांत औषध टाकलेलं होतं म्हणून मी म्हटलं, थोडं पडा. एरवी ते गॅलरीतच भिंतीला टेकतात. त्या दिवशी उठले, पूर्वेकडच्या खोलीच्या दारात गेले आणि आत बघत उभे राहिले.

"हाई खोलीनं भाडं काय शे वं?"

मला कळेना. मग त्यांच्या मिशीतलं हसू पाहिलं.

"नाना!"

"तठे दिधं व्हतं तसंच सांग."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माले काय कळस नही का? फुकटमा कोन आलू खावाडस? तू तिले पाकीट देत व्हती ते देखं मी."

"मग राहिलात कसे? जेवलात कसे?"

ते पलंगावर बसले. आईने दाबली होती तशीच गादी दाबली.

"तठे तू भी पाव्हनी व्हती. दोन्ही पाव्हना. आठे तू घरधनीन शे."

आणि आडवे झाले. लुंगी अंगावर ओढली, भिंतीकडे तोंड केलं. मी दारातच उभी राहिले. थोड्या वेळाने घोरणं सुरू झालं. मी स्वयंपाकघरात गेले आणि काहीही न करता ओट्याला टेकून ऐकत राहिले.

गाडीची वेळ जवळ आली. ते गाढ झोपले होते. यजमान कामावरून आले, त्यांनी खोलीत डोकावून पाहिलं आणि मला खूण केली, राहू दे, झोपू दे, गाडी जाऊ दे. फक्त उठवायचं नव्हतं, बस. सकाळी ते रागावले असते, एखादा दिवस. आणि मला माझी रात्र मिळाली असती.

मी आत गेले आणि त्यांच्या खांद्याला हात लावला. "नाना, गाडीची वेळ झाली."

झोपेत असताना पळवलेला मुक्काम मला नको होता. त्यांनी जागेपणी राहावं, विचारल्यावर राहावं. नाहीतर त्या निळ्या दाराच्या घरात ते राहिलेच होते की.

ते उठून बसले. घड्याळ पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. "जागं करं ते बरं करं," म्हणाले. तोंड धुतलं, चहा घेतला, पिशवी उचलली. मी लुंगीची घडी करून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती हातात घेतली, पुन्हा खोलीत गेले, पलंगाच्या पायथ्याशी ठेवली आणि वरून एकदा हात फिरवला.

"ऱ्हाऊ दे आठेच. थंडीमा लागी."

मी दार लावून घेतलं नाही. जिन्यावरून त्यांची पावलं खाली जाताना ऐकली. मी राहा म्हणायचं विसरले होते. मग गॅलरीत धावले आणि वरूनच ओरडले, "नाना, राहा ना आजच्या दिवस!"

ते फाटकापाशी थांबले, वर पाहिलं आणि तोऱ्यात म्हणाले, "नही माय. वावर मा काम शे." आणि हसले.

आता दिवाळी होऊन गेली आहे. जळगावात पहाटे बोचतं. पुण्याहून लेक आली की त्याच पलंगावर झोपते, पण पांघरूण कपाटातलं घेते. मी तिला काही सांगितलेलं नाही. लुंगी मी धुतलेली नाही, तिला अजून त्या चुलीचा वास आहे. काल भावाचा फोन आला. नानांना थंडी वाजते, तू त्यांची लुंगी पाठवून दे, कोणी येणारं असेल तर.

मी म्हटलं, पाठवणार नाही. त्यांना म्हणावं, इथे आहे.